दोन बोटांवर टाका

९ ऑगस्ट

धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण पिंजणयंत्राशेजारी एकवीस वर्षं बसून माझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत. समोरच्याचं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. तुझी वहिनी म्हणते, कान चांगले होते तेव्हाही तसंच होतं.

काम तुझ्या दुकानाचं आहे. मला थंडीत डोंगरावर झोपायला एक स्लीपिंग बॅग हवी आहे. परवडेल अशी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खिंडीकडे जी तुकडी चालत जाते, तिच्यात मी नाव घातलं आहे. त्यांच्या कागदावर लिहिलंय की तिसऱ्या मुक्कामाला पारा शून्याखाली आठपर्यंत जातो, तेव्हा उणे दहाला चालेल अशी बॅग आणावी.

एकोणपन्नासाव्या वर्षी याच्या डोक्यात काय शिरलं असं तुला वाटेल. आपली पोर त्याच वाटेवर गेली, त्याला ऑक्टोबरात वर्ष होईल. तिला खाली आणलं तेव्हा गाडी जिथवर जाते तिथवर जाऊन मी उभा होतो. वर ती ज्या जागी झोपली ती जागा मी पाहिलेली नाही. सकाळी देवापुढे बसतो, डोळे मिटतो, तर एक उतार दिसतो. तो मी मनानेच रचलेला आहे. खरा बघितला म्हणजे हा जाईल असं वाटतं. एकदा तिथे जाऊन राहायचं, एवढंच.

जन्मभर रजया शिवणारा माणूस पांघरूण विकत घेतोय, म्हणून हसशील. पण तिला मी शिवून दिली होती तशी दुसरी करायला हात धजत नाही. म्हणून तुला विचारतो. वहिनीला मी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन येतो एवढंच सांगितलं आहे. तूही तेवढंच सांग.

दादा

१६ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग खिशात ठेवून दिवसभर काउंटरवर उभा राहिलो.

आधी माझं ऐका. तुमचे गुडघे गादीवर मांडी घालून झिजलेत, चालून नव्हे. जाऊन-येऊन पाच दिवसांची चाल आहे. दुकानात माझ्यासमोर तिशीतली माणसं येतात, दोन महिने आधी पळायला लागतात, तरी खाली आली की पाय धरून बसतात. पायथ्याशी जायचं तर मी येतो तुमच्यासोबत. गाडीने जाऊ, वर बघू, परत येऊ. तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण सांगितलं नाही असं व्हायला नको.

आता बॅगेचं. गिऱ्हाइकाला सांगतो तसंच सांगतो. पिसांची बॅग सगळ्यात हलकी आणि उबदार, पण तिची किंमत ऐकली की माणसं पाणी मागतात. शिवाय ती भिजली की संपली. तुम्हाला फायबरची बॅग पुरे. वजनाला जरा जास्त, पण दमट झाली तरी ऊब धरते आणि पैशाला परवडते. लेबलवर दोन आकडे असतात. एकावर आरामात झोप लागते. दुसऱ्यावर माणूस अंगाचं मुटकुळं करून कशीबशी वेळ काढतो. दुकानदार दुसरा आकडा मोठ्याने सांगतात. तुम्ही पहिला बघायचा. लांबी तुमच्या उंचीहून वीतभर जास्त हवी, फार जास्त नको, नाहीतर रिकामी जागा तापवण्यात अंगाची ऊब जाते. पायाकडे निमुळती, डोक्याला टोपी, चेनच्या आतून पट्टी. खाली चटई जाड घ्या. अंगाखाली दबलेलं भरण काही कामाचं नसतं, जमिनीची थंडी चटईच अडवते.

हे सगळं असलेल्या दोन कंपन्यांच्या बॅगा आहेत आमच्याकडे. एक जरा महाग आहे. दुसरी घ्या. मालक मला देतो त्या भावात देईन, आणि त्यावर तुम्ही वाद घालायचा नाही.

वहिनींना सांगून जा, दादा.

धाकटा

२२ ऑगस्ट

धाकट्या,

इतकं समजावून लिहिलंस. पत्र दुकानातल्या खिळ्याला अडकवून ठेवलंय. काल एक बाई उशा भरायला आल्या होत्या, त्यांनी ते वाचलं आणि मला विचारलं की तुम्ही आता हेही विकता का.

तुझं पटलं. दुसरीच पाठव. पण मला काही विचारायचं आहे. फायबर म्हणजे तो पांढरा भुसा ना, सोफ्यात भरतात तो? तो तर कापसाहून घसरडा. मग तो एका जागी राहतो कसा? टाके किती अंतरावर असतात?

मी तिची शिवली तेव्हा नवा कापूस घेतला होता, दोनदा पिंजला. ती म्हणाली, दादा, मला पाठीवर वाहायची आहे, खाट नेत नाहीये मी. म्हणून भरण पातळ केलं. पातळ भरण सरकतं, एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून टाके दाट घातले. गिऱ्हाइकाला मी चार बोटांवर टाका घालतो. तिच्या दुलईला दोन बोटांवर घातला, उभा आणि आडवा, वरून खालपर्यंत आरपार ओढून. अकरा दिवस लागले. असं काम मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचं केलेलं नाही. कापूस केसभर हलला नसता.

तू भरणाचं लिहिलंस, चेनचं लिहिलंस, टोपीचंही लिहिलंस. टाक्याबद्दल एक अक्षर नाही. तुला सुई मी धरायला शिकवली. तुझे टाके म्हणजे कुंपणाचे खांब होते ही गोष्ट वेगळी, पण दुसऱ्याचा टाका तुझ्या नजरेतून कधी सुटला नाही. तर तेवढं कळव.

दादा

३० ऑगस्ट

दादा,

बॅग या पत्रासोबतच पार्सलने पाठवली आहे. हिरवी घेतली, निळी संपली होती. लेबलवरचा पहिला आकडा उणे पाच आहे. आतून घालायला एक पातळ खोळ दिली आहे, तिच्याने तीन-चार अंश भागतात. अंगावर लोकरीचं घालून झोपा म्हणजे उणे दहालाही काळजी नाही.

टाक्याचं विचारलंत. कंपनीचा माल, यंत्रावर होतो, आत काय असतं ते आम्ही उघडून बघत नाही. पट्ट्यापट्ट्या असतात, झालं. तुम्ही त्यात डोकं घालू नका. आणि शिवण उसवून बघू नका, उसवलेली बॅग मालक परत घेत नाही. तुम्हाला ओळखतो म्हणून लिहितोय.

चालायचा सराव करताय का? रोज सकाळी जिने चढा. इकडे गर्दीचे दिवस आहेत, लिहायला उशीर झाला तर रागावू नका.

धाकटा

८ सप्टेंबर

धाकट्या,

पार्सल पोचलं. चांगली आहे. मी आत शिरून झोपून बघितलं तेव्हा तुझी वहिनी हसली. वर्षात पहिल्यांदा हसली, म्हणून तुला कळवतो.

मग ती देवदर्शनाला गेली आणि मी शिवण उसवली.

आत दोन थर आहेत. एक आतल्या अस्तराला टाचलेला, दुसरा बाहेरच्या कापडाला. दोन्ही वेगवेगळे शिवलेत. एकाचे टाके जिथे आहेत तिथे दुसऱ्याचा फुगवटा येतो. बाहेरच्या कापडातून आत येणारा एकही टाका नाही. आणि टाके वितीवितीवर आहेत. इतके विरळ की आमच्याकडे असं काम केलं तर गिऱ्हाईक रजई तोंडावर फेकेल.

मी बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसलो. टाका ओढला की भरण दबतं. दबलेल्या जागी ऊब नसते, नुसतं कापडाला कापड. हे मला काय आज कळलं? रजईवर हात फिरवला की टाक्याची ओळ गार लागते, हे पोरांनाही माहीत असतं. घरात त्याने काही बिघडत नाही. बिघडत नाही म्हणून मी कधी त्याचा विचार केला नाही. भरण हलू नये एवढंच बघत आलो. तिच्या दुलईत तर मी दोन-दोन बोटांवर गार ओळी घातल्या, आणि त्यासाठी अकरा दिवस बसलो.

डॉक्टरांच्या कागदावर कारण म्हणून दोन शब्द आहेत, उंची आणि थंडी. वर्षभर मी पहिल्या शब्दाला धरून बसलो होतो.

शिवण परत घातली आहे, कळणार नाही.

तू बारा वर्षं हा माल विकतोस आणि त्याच्या आत काय आहे हे तुला माहीत नाही, हे मला पटत नाही. ती निघायच्या आधी तुझ्या शहरात परीक्षेला आली होती. तुझ्याकडे आली होती का? दुलई दाखवली होती का?

दादा

२० सप्टेंबर

दादा,

आठवडाभर हे पत्र लिहितोय. चार फाडली.

आली होती. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. काठीसारखी उंच पोर, दारातून वाकूनच आत आली आणि म्हणाली, काका, दादांनी काय केलंय बघा. काउंटरवर दुलई पसरली. मी हात फिरवला. दादा, तसं काम मी पुन्हा बघणार नाही. आणि हात फिरवता फिरवताच मला कळलं की ही वर चालणार नाही.

मी तिला सांगितलं. हे तुम्ही खरं माना, मी तिला सांगितलं. म्हणालो, टाके आरपार आहेत, कापूस दमट झाला की सुकायचा नाही, ही घरी ठेव. हिरवीच बॅग, आता तुम्हाला पाठवली तीच, काढून दिली. पैसे जमतील तेव्हा दे म्हटलं. तिने ती काखेत मारली, पाच पावलं गेली आणि परत फिरली.

मला म्हणाली, "त्यांना सांगायचं कोणी?"

मी म्हटलं तू सांग, ती म्हणाली तुम्ही सांगा. म्हणे, काका, त्यांचे शिष्य तुम्हीच. मी म्हटलं शिष्याने गुरूचे टाके काढले तर गुरू शिष्याची बोटं काढेल. आम्ही हसलो दोघं. बराच वेळ हसत होतो. मग ती म्हणाली की गाडीवर सोडायला तुम्ही येणार, सामान तुम्हीच बांधणार, त्यात ही हिरवी बॅग दिसली तर तुम्ही काही बोलणार नाही, नुसते बघाल. ते तिला बघवणार नव्हतं. आणि ती हिरवी बॅग तिने काउंटरवर ठेवली.

तेव्हा मी तिचा हात धरायला हवा होता. तुम्हाला पत्र टाकायला हवं होतं, नाहीतर आरडून फोनवर सांगायला हवं होतं. मी काय केलं? लोकरीचे मोजे दिले आणि म्हटलं, या वेळेला एवढी थंडी नसते, सगळे कपडे घालून झोप. नंतर कळलं की बर्फ आठ दिवस आधीच आलं.

तुमच्या कामाला नाव ठेवायला माझी जीभ रेटली नाही. आईवडिलांमागे मामांच्या घरी तुम्ही मला वाढवलंत, तुमच्या ताटात जेवलो. आपल्याकडे मोठ्याच्या हातात खोट काढत नाहीत, हे मी इतकं मुरवून घेतलंय की पोरीच्या जिवापेक्षा ते मोठं ठरलं. तिला आणलं तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो. तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, आणि मी तेव्हाही बोललो नाही.

तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. पण म्हणा.

धाकटा

४ ऑक्टोबर

भाऊजी,

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, पण हे फोनवर बोलवेना. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून हे बोलत नाहीत. पत्रात काय होतं ते विचारलं तर दुकानाचं म्हणतात. गिऱ्हाइकांना परत पाठवतात. दिवसभर आतल्या खोलीत बसून शिवतात. मला वाटलं मोठं काम आलं असेल. काल ते देवापुढे बसले असताना मी जाऊन बघितलं. पोरीला केली होती तशीच दुलई आहे, तसेच दाट टाके. त्यांच्या मापाची. तुम्ही पाठवलेली हिरवी बॅग घडी घालून माळ्यावर टाकली आहे.

मी विचारलं, तर म्हणाले, मला हीच न्यायची आहे. पायथ्याशी जायला हे कशाला? मी भोळी आहे भाऊजी, वेडी नाही. ते वर जाणार आहेत हे मला त्या तुकडीचा कागद सापडला तेव्हाच कळलं होतं. जाऊ द्यावं म्हणून गप्प बसले. मलाही वाटतं कोणीतरी जाऊन तिची जागा बघून यावं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आता जे आहे ते मला आवडत नाही. आठ तारखेला निघणार आहेत. मला परत येणारा माणूस हवा आहे.

तुम्हाला काय माहीत आहे ते मला माहीत नाही. तुम्ही या.

वहिनी

१४ ऑक्टोबर

धाकट्या,

पायथ्याच्या दुकानातून घरी फोन लावला. तुझ्या वहिनीने एवढं ओरडून सांगितलं की दुकानदारालाही कळलं: तू नऊ तारखेपासून घरी येऊन बसला आहेस. मी आदल्या दिवशी निघालो होतो. माझे पाय सुजलेत, दोन दिवस इथेच राहणार. आमच्या तुकडीतले एक मास्तर उद्या निघतात, ते आपल्या गावावरून जातात. त्यांच्या हाती हे देतो.

मी माझी दुलई घेऊन आलो होतो. का, ते तुला सांगायला नको. ती जशी झोपली तसं झोपायचं, आणि पुढचं देवावर सोडायचं. आता लिहिताना कळतं की देवावर सोडणं हे त्याचं नाव नव्हे.

पहिल्याच मुक्कामाला तुकडीचा पुढारी प्रत्येकाचं सामान उघडून बघत होता. तिशीचा माणूस, बोलायला सरळ. माझी दुलई त्याने बाहेर काढली, टाक्याच्या ओळीवर दोन बोटं धरून चिमटीत दाबली आणि म्हणाला, "काका, शिवण सुंदर आहे, पण यात वर जाता येणार नाही." झालं. एवढंच होतं ते. पाणी पिऊन होईल इतक्या वेळात त्याने सांगितलं आणि पुढच्याच्या पिशवीकडे वळला. मग म्हणाला की आधी आम्ही नुसतं विचारायचो, बॅग आहे ना म्हणून. गेल्या वर्षी एक मुलगी गेली, तेव्हापासून स्वतः बघतो.

मी म्हणालो, ती माझी.

तो खाली बसला आणि दुलईची घडी घातली, कडा जुळवून, नीट. त्यांच्याकडे भाड्याच्या बॅगा असतात, त्यातली एक मला आणून दिली. परत जा असं म्हणाला नाही. पुढे पाचही दिवस माझ्या मागे चालला.

जागा पाहिली. मी रचला होता तसा उतार नाही. सपाट आहे, शेजारून पाण्याची धार जाते. थोडं गवत आहे. तिथे तंबू लागला. मी ठरवलं होतं की जागं राहायचं, नाव घेत बसायचं. पण बॅग उबदार होती. अंग तापलं आणि मला झोप लागली. धाकट्या, सकाळी दुसऱ्यांनी हलवून उठवलं मला. माझी पोर जिथे गारठली तिथे मी घोरत पडलो होतो. या वर्षात जे जे झालं, त्यात हे मला सगळ्यात जड गेलं. बाहेर येऊन मी रडलो, आणि मग जेवलोसुद्धा.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. खाली उतरताना मनात एक वाक्य तयार केलं होतं: तू सांगितलं असतंस तर मला राग आला नसता. ते लिहायला बसलो आणि लिहवेना, कारण ते खोटं आहे. आला असता. पुढाऱ्याचा आला नाही, तो परका. तुझा आला असता. मी म्हणालो असतो की दुकानात उभं राहून हा मला शिकवायला लागला. वर्षभर तुझ्याशी बोललो नसतो. तुझी पत्रं न फोडता ठेवली असती. आणि पोर आपल्या दोघांमध्ये निरोप घेऊन फिरली असती, वैतागली असती, तुला नावं ठेवत मला हसवलं असतं. तिला हे माहीत होतं. तुलाही माहीत होतं. तुम्ही दोघं माझा राग टाळायला गेलात. मी तसा माणूस होतो म्हणून टाळावा लागला, हे माझ्याकडेच येतं. तुझ्या वाटणीचं तू उचल, मी नको म्हणणार नाही. पण सगळं उचलू नकोस.

दुलई त्या पुढाऱ्याला देऊन टाकली आहे. तो म्हणाला, घरात आईला होईल.

आता एकच काम उरलं आहे. तुझ्या वहिनीला टाक्यांचं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, उंचीने नेलं. मी येईपर्यंत तू तिथेच थांब, दुकानाला कळव. मी एकटा सांगायला बसलो तर शेवटपर्यंत जाणार नाही, आणि तू एकटा सांगशील तर सगळं स्वतःवर घेशील. ती कोणाला किती बोलेल, बोलेल की नाही, मला माहीत नाही. दोघांनी समोर बसायचं आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं.

दादा